आवृत्तिक्रमांक आणि त्यागसूचना : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील वचनपालनाचा विचार

संगणकाच्या साहाय्याने संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यास ३.१०.२ किंवा १.१६.४ अशा आकड्यांची ओळख असतेच. तो जे सॉफ्टवेअर वापरतो त्याच्या नावापुढे असा एक आकडा लिहिलेला असतो. पुस्तकाच्या आवृत्तीप्रमाणे हा आकडा केवळ अनुक्रम दाखवितो, अशी त्याची बहुधा समजूत असते. ही समजूत सर्वस्वी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. हा आकडा जितका मागील कामाचा हिशेब सांगतो, त्याहून अधिक पुढील व्यवहाराविषयी काही आश्वासन देतो. ते आश्वासन कोणते, एखादी जुनी सोय काढून टाकावयाची झाल्यास ती कोणत्या रीतीने काढावी याविषयी कोणते नियम रूढ झाले आहेत, आणि ते नियम अर्धवट पाळले गेल्यास काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. वचन कोणाचे व कोणास?

मोठी आज्ञावली आज कोणीही मुळापासून लिहीत नाही. समीकरणे सोडविणे, आलेख काढणे, तारखांची वजाबाकी करणे ही कामे इतरांनी लिहून ठेविलेल्या लायब्ऱ्यांकडून करवून घेतली जातात. अशा लायब्ररीच्या अंतर्भागात हजारो ओळी असतात. बाहेरच्या माणसास मात्र त्यांपैकी थोडी नावेच ठाऊक असावी लागतात. अमुक नावाने हाक मारली व अमुक क्रमाने माहिती पुरविली म्हणजे अमुक प्रकारचे उत्तर मिळेल, असा हा व्यवहार असतो. लायब्ररीच्या या बाह्य भागास एपीआय असे म्हणतात. अंतर्भागात लेखकाने हवे ते फेरफार करावेत, त्याची झळ कोणास लागत नाही. एपीआयमधील एक नाव बदलले तर मात्र त्या नावावर विसंबून लिहिलेल्या, लेखकास ठाऊकही नसलेल्या, असंख्य आज्ञावली बंद पडतात.

विकत घेतलेल्या मालाच्या बाबतीत विक्रेता व ग्राहक यांच्यामध्ये करार असतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये तसा करार नसतो. एमआयटी परवाना घ्या किंवा जीपीएल परवाना घ्या, दोहोंतही हे सॉफ्टवेअर आहे त्या स्थितीत व कोणत्याही हमीवाचून दिले जात आहे, असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असते. कायद्याच्या दृष्टीने लेखक उद्या सर्व नावे बदलावयास मोकळा आहे. उपयोगकर्त्यास दाद मागण्याचे ठिकाण नाही. अशा स्थितीत दोघांमधील विश्वास ज्यावर उभा राहतो त्या गोष्टी दोनच : आवृत्तीचा आकडा आणि त्यासंबंधी लेखकमंडळाने जाहीर केलेले धोरण. म्हणून हा आकडा म्हणजे स्वेच्छेने दिलेले वचन होय, असे म्हणावयास हरकत नाही.

२. आकडे लिहिण्याच्या पद्धती

सर्वच लेखकांनी या आकड्यास सारखा अर्थ दिलेला नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी रचिलेल्या टेक या मुद्रणविषयक आज्ञावलीचा आवृत्तिक्रमांक पाय या गणिती स्थिरांकाकडे सरकत जातो. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी त्यास एक नवा अंक जोडला जातो, आणि २०२१ मधील दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ असा झाला. यात विनोद असला तरी त्यामागे गंभीर अर्थही आहे. ही रचना आता पूर्ण झाली असून यापुढे केवळ दोषनिवारण होईल, नवी भर पडणार नाही, असेच हा आकडा सांगतो.

लिनक्स कर्नलच्या बाबतीत पूर्वी मधला अंक सम असल्यास ती आवृत्ती स्थिर व विषम असल्यास प्रायोगिक समजली जाई. २.४ ही स्थिर, २.५ ही प्रायोगिक. डिसेंबर २००३ मध्ये २.६ प्रसिद्ध झाल्यानंतर हा संकेत मागे पडला. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० हा आकडा आला. परंतु त्या वेळी रचनेत क्रांतिकारक असे काही घडले नव्हते. लांबलेला आकडा आटोपशीर करावा, एवढाच हेतू होता. उबुंटूमध्ये आकडा म्हणजे सरळ वर्ष व महिना असतो. ऑक्टोबर २००४ मधील पहिली आवृत्ती ४.१० या क्रमांकाची होती. हा आकडा वय सांगतो, बदलाचे स्वरूप सांगत नाही.

बदलाचे स्वरूप आकड्यातूनच कळावे या हेतूने गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने नियम लिहून काढले. त्यांची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये निघाली. या नियमांप्रमाणे आवृत्तिक्रमांकाचे तीन भाग असतात. आपल्याकडील पुस्तकांच्या व्यवहाराशी ताडून पाहिल्यास त्यांचा अर्थ चटकन ध्यानात येईल. केवळ मुद्रणदोष सुधारून पुनर्मुद्रण केले तर तिसरा अंक वाढतो : २.४.१ चे २.४.२ होते. मूळ मजकुरास धक्का न लावता शेवटी नवी प्रकरणे जोडली, म्हणजे ‘वाढविलेली आवृत्ती’ काढली, तर दुसरा अंक वाढतो : २.५.०. परंतु प्रकरणांचा क्रम बदलला, काही गाळली, आणि त्यामुळे जुन्या आवृत्तीतील पृष्ठांक उद्धृत करणाऱ्यांचे संदर्भ चुकू लागले, तर पहिला अंक वाढविला पाहिजे : ३.०.०. पहिला अंक शून्य असेल, तर रचना अजून ठरावयाची आहे आणि कोणतेही वचन दिलेले नाही, असे समजावयाचे.

येथे दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, हे आकडे दशांश अपूर्णांक नव्हेत. ३.९ नंतर ३.१० येते, ती ३.१ नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथनची ३.१० ही आवृत्ती निघाली, तेव्हा हा आकडा अपूर्णांक म्हणून वाचणाऱ्या व्यवस्थांनी शेवटचे शून्य गाळून ३.१ या जुन्या आवृत्तीचा शोध चालविल्याचे प्रकार घडले. दुसरी गोष्ट ही की, एखाद्या लेखकमंडळाने हे नियम स्वीकारले आहेत किंवा नाहीत हे आधी पाहावे लागते. पायथन भाषा तीन अंक वापरते. परंतु तिच्या धोरणाप्रमाणे मधला अंक बदलतानाही, पूर्वसूचना दिलेली असल्यास, जुनी सोय काढून टाकता येते. आकडा सारखा दिसला तरी वचन सारखे असेलच असे नाही.

३. आकड्याची मर्यादा

काटेकोर नियम पाळूनही एक अडचण शिल्लक राहते. लेखकाने जे लिहून दिले तेवढ्यावरच लोक विसंबतात असे नाही. उत्तरांची यादी नेहमी एका विशिष्ट क्रमाने येते असे एखाद्याच्या नजरेस आले, की तो त्या क्रमावर आपली रचना उभी करतो. तो क्रम कोठेही वचनात लिहिलेला नसतो. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो. उपयोगकर्ते पुरेसे झाले, की लायब्ररीच्या नजरेस येणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कोणी ना कोणी अवलंबून असतो, मग लेखकाने काहीही लिहून दिलेले असो. त्यामुळे लेखक ज्यास दोषनिवारण म्हणतो तोच बदल दुसऱ्या कोणास आघात वाटू शकतो. आकडा हेतू सांगतो. परिणामाची खात्री तो देऊ शकत नाही.

४. त्यागसूचना म्हणजे काय?

जुने कधीच काढावयाचे नाही असे म्हटले तर रचना अडगळीने भरून जाते. आज काढावयाचे ते आजच काढले तर विश्वास उडतो. या दोहोंमधील मार्गास इंग्रजीत डेप्रिकेशन म्हणतात. या लेखापुरता त्यासाठी ‘त्यागसूचना’ हा शब्द योजिला आहे. एखादी सोय त्यागसूचित झाली म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. ती पूर्ववत काम करते. मात्र यापुढे तिचा आधार घेऊ नये, असे जाहीर झालेले असते.

चांगल्या त्यागसूचनेची चार अंगे सांगता येतील. काय जाणार आहे याची स्पष्ट घोषणा. त्याऐवजी काय वापरावे याचे दिग्दर्शन. जुने व नवे बरोबरीने चालतील असा पुरेसा काळ. आणि शेवटी ठरल्या वेळी प्रत्यक्ष निष्कासन. आपल्या व्यवहारातील दाखला द्यावयाचा तर दशमान नाण्यांचा देता येईल. कायद्यातील दुरुस्ती १९५५ मध्ये संमत झाली व १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आण्यांचे नव्या पैशांत रूपांतर करण्याची कोष्टके प्रसिद्ध झाली. जुनी व नवी नाणी काही काळ एकत्र चालली. दोन्ही पैशांचा घोटाळा होऊ नये म्हणून जोडलेले ‘नवे’ हे विशेषण, संक्रमण पुरे झाल्यावर, १ जून १९६४ पासून गळाले. चारही अंगे येथे स्पष्ट दिसतात.

सॉफ्टवेअरमध्ये ही अंगे कशी सांभाळली जातात, हे पायथनच्या एका लहानशा प्रकरणावरून समजेल. या भाषेतील ‘कलेक्शन्स’ नावाच्या विभागात असलेले काही अमूर्त वर्ग २०१२ मध्ये, ३.३ या आवृत्तीत, ‘कलेक्शन्स.एबीसी’ या उपविभागात हलविण्यात आले. जुन्या पत्त्यावर हाक मारली तरी ती नव्या पत्त्यावर पोहोचविण्याची व्यवस्था ठेविली होती. २०१८ मधील ३.७ पासून जुना पत्ता वापरणाऱ्यास इशारा मिळू लागला. निष्कासनाची ठरलेली वेळ पुढे ढकलावी लागली, आणि अखेरीस २०२१ मध्ये ३.१० मध्ये जुना पत्ता बंद झाला. नऊ वर्षे लोटली होती. तरीही त्या दिवशी अनेक लायब्ऱ्या मोडल्या.

याचे कारण शोधू गेल्यास एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. सूचना देणे आणि सूचना पोहोचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पायथनच्या २.७ व ३.२ या आवृत्त्यांपासून त्यागसूचनेचे इशारे सामान्यतः दडवून ठेवले जात असत. कारण आज्ञावली लिहिणाराऐवजी ती केवळ चालविणाराच त्या इशाऱ्यांनी त्रस्त होई. परिणाम असा झाला की, लिहिणारासही ते दिसेनासे झाले. ३.७ मध्ये हे धोरण अंशतः फिरविण्यात आले व उपयोगकर्त्याने प्रत्यक्ष चालविलेल्या मुख्य आज्ञावलीतील इशारे पुन्हा दिसू लागले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण जावा भाषेत सापडते. तेथील ‘डेट’ या वर्गातील अनेक सोयींवर १९९७ मधील १.१ या आवृत्तीतच त्यागसूचना लागली. त्या सोयी आजही जागच्या जागी आहेत. निष्कासन कधीच होत नाही असे दिसून आल्यावर सूचनेचा धाक उरत नाही. म्हणून २०१७ मधील नवव्या आवृत्तीत, अमुक सोय खरोखरच काढली जाणार आहे असे वेगळे दर्शविणारी खूण जावाच्या लेखकांस जोडावी लागली.

५. पायथन २ व ३ : एक बोधप्रद इतिहास

त्यागसूचनेची चारही अंगे लहान बदलात सांभाळता येतात. पायाच बदलावयाचा झाला तर काय होते, हे पायथनच्याच मोठ्या स्थित्यंतरात दिसून आले. ३ डिसेंबर २००८ रोजी ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती पूर्वीच्या आवृत्त्यांशी जाणूनबुजून विसंगत ठेविली होती, आणि लेखकांनी ते लपविले नव्हते. पहिला अंक बदलला होता. म्हणजे आकड्याने आपले काम चोख बजावले होते.

बदलाचे कारणही सबळ होते, आणि मराठी वाचकास ते विशेष पटण्यासारखे आहे. जुन्या पायथनमध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ असे. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ या संकेतात लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर १५ येई. आपणांस दिसणारी अक्षरे तीन. म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी ही युनिकोड चिन्हे पाच. आणि प्रत्येक चिन्हास तीन बाइट, म्हणून पंधरा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट असल्याने हा दोष तेथे झाकला जाई. देवनागरीत शब्द मध्येच तुटून निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडसाठी वेगळा प्रकार उपलब्ध होता, परंतु दोहोंची सरमिसळ होऊन दोष उत्पन्न होत. पायथन ३ मध्ये मजकूर म्हणजे युनिकोडच, असे ठरले. त्याच शब्दाची लांबी ५ येऊ लागली. ज्यांची लिपी रोमन नाही त्यांच्या दृष्टीने ही न्यायाची गोष्ट होती.

परंतु बदलाची किंमत मोठी होती. काही बदल बोलके होते : ‘प्रिंट’ ही आज्ञा कंसावाचून लिहिली, तर आज्ञावली चालण्यापूर्वीच दोष दाखवून थांबे. काही मुके होते : ७ भागिले २ याचे उत्तर पूर्वी ३ येई, ते आता ३.५ येऊ लागले. येथे कोणताही दोष दाखविला जात नाही. आज्ञावली चालते, फक्त उत्तर बदलते. संशोधकास बोलक्या बदलापेक्षा मुक्या बदलाचे भय अधिक. भागाकाराचे नवे वर्तन हवे असल्यास ते आधीपासून मागून घेण्याची सोय २००१ मधील २.२ या आवृत्तीत केलेली होती, हे मात्र लेखकांच्या दूरदृष्टीचे द्योतक होय.

खरी अडचण परस्परावलंबनाची होती. एखाद्या संशोधकाची आज्ञावली दहा लायब्ऱ्यांवर उभी असेल, तर त्या दहाही पायथन ३ वर आल्यावाचून त्यास पाऊल उचलता येत नसे. आणि उपयोगकर्ते जुन्यावरच आहेत म्हणून लायब्ऱ्यांचे लेखक घाई करीत नसत. संख्यागणनेची प्रमुख लायब्ररी नमपाय हिचा पायथन ३ वर चालणारा पहिला अवतार २०१० मध्ये, १.५ या क्रमांकाने, निघाला. जुन्या लेखनाचे यंत्राने एकदाच भाषांतर करून मोकळे व्हावे, ही आरंभीची कल्पना होती. प्रत्यक्षात लोकांस एकच मजकूर दोन्ही आवृत्त्यांवर चालावा असे वाटे. ही गरज ओळखून २०१२ मधील ३.३ मध्ये युनिकोड मजकुराची जुनी लेखनखूण परत आणण्यात आली. बरोबरीने चालण्याचा काळ, जो आरंभी पुरेसा ठेविला नव्हता, तो अशा रीतीने मागाहून निर्माण करावा लागला. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबावयाचा होता. २०१४ मध्ये ती मुदत पाच वर्षांनी वाढविण्यात आली. १ जानेवारी २०२० रोजी आधार संपला व एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. म्हणजे स्थित्यंतरास अकरा वर्षांहून अधिक काळ लागला.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, मोठा आकडा बदलून ‘वचन संपले’ असे सांगणे प्रामाणिकपणाचे असले तरी तेवढ्याने भागत नाही. जुन्यावरून नव्यावर पायरीपायरीने, एकेक वाक्य सुधारीत, जाता आले पाहिजे. मधल्या प्रत्येक पायरीवर आज्ञावली चालती राहिली पाहिजे.

६. वचनाची व्याप्ती

या अनुभवावरून काहींनी वचन कधीच न मोडण्याचा मार्ग पत्करला आहे. गो या भाषेची पहिली आवृत्ती मार्च २०१२ मध्ये निघाली, तेव्हा तीवर लिहिलेल्या आज्ञावली पुढील सर्व १.x आवृत्त्यांवर चालतील असे लेखी आश्वासन देण्यात आले. लिनक्स कर्नलचे प्रमुख लिनस टॉर्व्हाल्ड्स यांचाही कटाक्ष असाच आहे : कर्नल बदलल्यामुळे उपयोगकर्त्याची चालती आज्ञावली बंद पडता कामा नये. परंतु त्याच कर्नलच्या आतील विभागांत परस्परांशी बोलण्याच्या रीती स्थिर ठेविल्या जात नाहीत, आणि हे धोरणही तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेविलेले आहे. बाहेर अभंग वचन व आत पूर्ण मोकळीक, अशी ही विभागणी आहे. मोठे वचन देऊन ते मोडण्यापेक्षा लहान वचन देऊन ते पाळणे श्रेयस्कर, हे सूत्र त्यामागे दिसते.

हा विचार केवळ शिस्तीचा नाही. श्रमाच्या वाटपाचाही आहे. जुनी सोय टिकवून ठेविली तर तिचा भार थोड्या लेखकांवर पडतो, आणि मुक्तस्रोत क्षेत्रात त्यांतील अनेकजण विनावेतन, फावल्या वेळात काम करीत असतात. ती काढून टाकली तर तोच भार हजारो उपयोगकर्त्यांवर विखुरला जातो. त्यागसूचनेचा काळ किती असावा, या प्रश्नाचे उत्तर या दोन भारांच्या तुलनेतूनच द्यावे लागते. पायथनच्या आजच्या धोरणाप्रमाणे इशारा किमान दोन आवृत्त्यांत दिसला पाहिजे. २०२० पासून दरवर्षी एक आवृत्ती निघते, म्हणजे निदान दोन वर्षे. पदवीसाठी चार-पाच वर्षे खपणाऱ्या संशोधकाच्या मानाने हा काळ लहान आहे, हे उघड आहे.

७. संशोधकाचे कर्तव्य

तेव्हा वचन देणाऱ्याप्रमाणे वचनावर विसंबणाऱ्यासही काही पथ्ये पाळणे अवश्य आहे. २०१९-२० मध्ये कोनराड हिन्सेन व निकोला रूजिए यांनी ‘रीसायन्स’ या नियतकालिकातर्फे संशोधकांस एक आव्हान दिले : दहा वर्षांहून जुन्या अशा आपल्याच निबंधांतील आज्ञावली पुन्हा चालवून तेच निष्कर्ष काढून दाखवावेत. ज्या सूत्रांवर आपण निष्कर्ष उभारतो ती सूत्रे आपल्याच हातून पुन्हा चालविता येतात की नाही, हा प्रश्न त्यातून सर्वांसमोर आला. प्रयोगशाळेत रसायनाची शुद्धता व उपकरणाची जात नोंदविण्याचा जो प्रघात आहे, तोच येथेही पाळला पाहिजे.

प्रबंधाच्या परिशिष्टात भाषेचा व प्रत्येक लायब्ररीचा संपूर्ण, तिन्ही अंकांसह, आवृत्तिक्रमांक लिहावा. ‘पायथन ३’ एवढी नोंद पुरेशी नाही. त्या आवृत्त्यांची यादी आज्ञावलीसोबतच एका फाइलमध्ये ठेवावी, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर तीच रचना उभारता येईल. काम चालू असताना इशारे दडवू नयेत. इशाऱ्यास दोष मानून थांबण्याची सोय पायथनमध्ये आहे, ती अधूनमधून वापरून पाहावी. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी तिच्याबरोबर येणारे बदलपत्रक वाचावे. ज्याचे उत्तर आधी ठाऊक आहे अशी काही उदाहरणे जवळ बाळगून नव्या आवृत्तीवर ती प्रथम सोडवून पाहावीत. मुके बदल पकडण्याचा याहून सोपा उपाय नाही. आणि ज्याने स्वतः एखादी लहानशी लायब्ररी लिहून सहकाऱ्यांस दिली असेल, त्याने काय स्थिर आहे व काय बदलू शकेल हे आरंभीच दोन ओळींत लिहून ठेवावे.

मुक्तस्रोताच्या व्यवहारात वचन मोडणाऱ्यास शासन नाही व पाळणाऱ्यास मोबदला नाही. तरीही आज जगातील संशोधनाचा मोठा भाग अशा वचनांवरच चाललेला आहे. तो तसा चालू राहावयाचा असेल, तर बदल करणाराने आधी सांगावे आणि वापरणाराने सांगितलेले ऐकावे, एवढी अपेक्षा दोन्ही बाजूंकडून पुरी व्हावयास हवी.